छोट्या दुर्बिणीला फाइंडर कोणता लावायचा: मराठवाड्यातल्या आकाशाच्या हिशोबानं

दुर्बीण घरी आली, चंद्रावरचे खड्डे बघून घरातले सगळे खुश झाले, गुरू एकदा कसाबसा सापडला आणि मग पुढं काहीच सापडेना म्हणून दुर्बीण माळ्यावर गेली. आपल्याकडं हे इतक्या घरांत होतं की मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दुर्बीण चांगलीच असते, खोट असते ती तिच्या पाठीवर बसवलेल्या बोटभर नळीत, म्हणजे फाइंडरमध्ये. दुर्बिणीतून दिसणारा आकाशाचा तुकडा इतका छोटा असतो की आधी नेम धरून देणारं काहीतरी लागतंच, नाहीतर बोअरच्या केसिंगमधून आभाळ बघितल्यासारखं होतं, बघतोय कुठं तेच कळत नाही.

मला नेहमी विचारतात "सगळ्यात भारी फाइंडर कुठला?" माझं म्हणणं असं की भारी-हलकं नंतर बघू, आधी तीन गोष्टी तपासा: तुमची दुर्बीण एका वेळी किती आकाश दाखवते, तुमच्या डोक्यावरचं आकाश किती काळं आहे, आणि बघताना तुमची मान कुठं जाणार आहे. या तिन्हींची उत्तरं मिळाली की फाइंडर आपोआप ठरतो, आणि बऱ्याचदा तो छोटा आणि स्वस्तातलाच निघतो.

आधी दुर्बिणीचं माप काढा

दुर्बिणीवर ७०/७०० किंवा ११४/९०० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा समोरच्या लेन्सचा किंवा आरशाचा व्यास, दुसरा फोकल लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. फोकल लांबीला आयपीसच्या (डोळा लावतो त्या बदलत्या भिंगाच्या) आकड्यानं भागलं की किती पट मोठं दिसतं ते कळतं. ७०/७०० ला २५ चा आयपीस लावला तर २८ पट, १० चा लावला तर ७० पट. साध्या आयपीसचं स्वतःचं क्षेत्र ५० अंशांच्या आसपास धरा आणि त्याला पटीनं भागा, म्हणजे २५ च्या आयपीसमध्ये पावणेदोन अंशांहून थोडं जास्त आकाश दिसतं आणि १० मध्ये ०.७ अंश. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, त्यावरून अंदाज येईल.

हिशोब नको असेल तर आकाशातच मोजता येतं आणि मला ही रीत जास्त आवडते. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सगळ्यात आधी उगवणारा, म्हणजे पश्चिमेकडचा तारा घ्या, तो जवळजवळ बरोबर खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर) आहे. दुर्बीण हलवायची नाही, तारा एका कडेला आणायचा आणि मधून जात दुसऱ्या कडेला बाहेर पडेपर्यंत मोबाईलवर वेळ लावायची. जितकी मिनिटं लागली त्याला ४ नं भागा, तेवढे अंश. सात मिनिटं लागली तर पावणेदोन अंश. (माउंटला, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या बैठकीला, मोटर असेल तर ती बंद ठेवा.)

आता कमीत कमी पटीच्या आयपीसमध्ये काय आकडा आला ते बघा. ७६/३०० किंवा ११४/५०० सारखी आखूड टेबलवरची दुर्बीण असेल तर अडीच ते चार अंश येतात, म्हणजे दुर्बीण स्वतःच फाइंडरइतकं रुंद बघते, तिला वर आणखी मोठा फाइंडर कशाला? साधा रेड डॉट (काचेतून आकाशावर लाल टिंब दाखवणारा फाइंडर) भरपूर झाला. ७०/७०० किंवा १३०/६५० ला पावणेदोन-दोन अंश येतात, तिथंही रेड डॉट चालतो, फक्त जुळवणी नीट पाहिजे. पण ९०/१२५० किंवा १२७/१५०० सारखी मॅकसुटोव्ह (आरसा आणि भिंग दोन्ही असलेल्या प्रकारची दुर्बीण) घेतली असेल तर २५ च्या आयपीसमध्येसुद्धा जेमतेम एक अंश किंवा त्याहून कमी मिळतो, आणि हातानं रेड डॉट लावण्यातच अर्ध्या-एक अंशाचा फरक पडतो. अशा दुर्बिणीला भिंगाचा फाइंडर असलेला बरा.

मग आकाश तपासा

गावाकडं आखाड्यावर, शेतात, बालाघाटच्या डोंगरात कुठं बघणार असाल तर उघड्या डोळ्यांनाच इतके तारे दिसतात की रेड डॉट एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर नेत नेत बरंच काही सापडतं. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या मधल्या वस्तीत गच्चीवर बघणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथं रेड डॉट ज्या ताऱ्याजवळ न्यायचा तो ताराच दिसत नाही. टिंब लावणार कुठं?

याची एक सोपी परीक्षा आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी सप्तर्षी वर आले की सातही तारे दिसतात का बघा. त्यात अत्री सगळ्यात फिका, प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा फिका) साधारण ३.३. चौकोनाचं जे टोक शेपटीला जोडलेलं आहे तो अत्री. तो पटकन दिसला तर रेड डॉटवर निभावतं. डोळे ताणून शोधावा लागत असेल किंवा दिसतच नसेल तर भिंगाचा फाइंडर घ्या, कारण ३० मिलिमीटरचं भिंगसुद्धा उघड्या डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश गोळा करतं आणि शहरातल्या धुरकट आकाशातही वाट दाखवायला पुरतील इतके तारे बाहेर काढतं.

एक लक्षात घ्या, फाइंडर जिथं तुम्ही नेहमी बघता तिथल्या हिशोबानं घ्यायचा. वर्षातून एकदा हुरड्याला गावी जाणार आणि बाकी सगळं वर्ष सिडकोच्या गच्चीवर, तर गच्चीचाच विचार करा.

मान

हे कुणी फारसं सांगत नाही आणि आपल्या भागात तर हे लई महत्त्वाचं आहे. मराठवाडा साधारण १८ ते २० अंश उत्तर अक्षांशावर येतो, म्हणजे आकाशात ज्या गोष्टींची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर) उत्तरेकडं तेवढीच आहे त्या बरोबर डोक्यावरून जातात. पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ, एम ४४, मार्चच्या सुरुवातीला रात्री सव्वादहाच्या आसपास आपल्या अगदी माथ्यावर असतो. मे अखेरीला त्याच सुमारास स्वाती माथ्यावर, परभणीत तर जवळजवळ बरोबर डोक्यावर. कृत्तिका माथ्यापासून पाचेक अंशांवरून जातात, मृगाचा बाण सत्तर अंशांच्या आसपास चढतो. म्हणजे छोट्या दुर्बिणीतून बघायला सगळ्यात छान ज्या गोष्टी त्या नेमक्या अशा ठिकाणी, जिथं सरळ फाइंडरमधून बघायला जमिनीवर गुडघे टेकून मान उलटी करावी लागते.

लांब नळीच्या भिंगाच्या दुर्बिणीला हा त्रास सगळ्यात जास्त, कारण तिचं मागचं टोक खाली जातं आणि सरळ फाइंडरही तिथंच खाली. रेड डॉटलाही हीच अडचण आहे, फक्त त्यात डोळा एक वीतभर मागं ठेवता येतो, नळीला चिकटवावा लागत नाही, म्हणून थोडं सुसह्य होतं. घरात वयस्कर माणसं बघणार असतील, कुणाला मानेचा त्रास असेल, तर काटकोनात वळलेला आणि चित्र सुलट दाखवणारा फाइंडर घ्या, पैसे जास्त गेले तरी चालतील. दुर्बिणीचं माउंटसुद्धा माथ्यावर नीट फिरत नाही, म्हणून दुसरा साधा उपाय: ती गोष्ट माथ्यावर यायच्या तास-दीड तास आधी किंवा नंतर बघा, तेवढ्यात ती पंधरा-वीस अंश बाजूला असते आणि मान, माउंट दोन्ही वाचतात.

प्रकार कोणकोणते आणि मला काय वाटतं

दुर्बिणीसोबत फुकट येणारा ५x२४. आकड्यांचा अर्थ दुर्बिणीतल्यासारखाच, ५ पट मोठं आणि २४ मिलिमीटरचं भिंग. पण बऱ्याचशा अशा फाइंडरमध्ये भिंगाच्या मागं छोट्या भोकाची चकती बसवलेली असते, कारण भिंग साधं एकेरी असतं आणि पूर्ण उघडं ठेवलं तर चित्र फाटतं. हे घरी तपासता येतं. फाइंडर हातभर लांब धरून उजळ आकाशाकडं करा (सूर्याकडं अजिबात नाही) आणि मागच्या भिंगात दिसणारा प्रकाशाचा छोटा गोल ठिपका बघा. २४ भागिले ५, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरचा ठिपका दिसायला पाहिजे. दोनेक मिलिमीटरचाच दिसला तर तुमचा २४ चा फाइंडर खरं म्हणजे दहा-बाराचा आहे. असा फाइंडर चंद्र-गुरूपुरता ठीक, त्यापलीकडं बदलून टाका, त्याच्याशी झगडत बसू नका.

रेड डॉट. यात मोठं काही दिसत नाही, एका तिरप्या काचेतून उघडंच आकाश दिसतं आणि त्यावर एक लाल टिंब तरंगताना दिसतं. काच प्रकाश अशी परत पाठवते की टिंब ताऱ्यांइतकंच लांब असल्यासारखं दिसतं, त्यामुळं डोकं थोडं इकडंतिकडं हललं तरी टिंब ताऱ्यावरून सरकत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं, चष्मा असेल तर चष्म्यासकट. वजन नगण्य, त्यामुळं छोट्या दुर्बिणीचा तोल बिघडत नाही. दोष एकच मोठा: स्वस्तातल्या कित्येकांमध्ये उजेड कमीत कमी केला तरी टिंब इतकं झगझगीत असतं की फिके तारे त्यात बुडतात. म्हणून घेताना उजेड कमी-जास्त करायचं चाक आहे का आणि सगळ्यात कमीवर टिंब खरंच मंद होतं का, हे अंधाऱ्या खोलीत बघा.

गोल कडी दाखवणारे. अमेरिकेतल्या स्टीव्ह कुफेल्ड यांनी बनवलेला टेलरॅड यातला सगळ्यात नावाजलेला, अर्धा, २ आणि ४ अंशांची तीन लाल वर्तुळं आकाशावर दिसतात, नकाशात बघून "त्या ताऱ्यापासून दोन अंश" असं थेट मोजता येतं. वस्तू फार छान, पण वीतभर लांबीची, ७० मिलिमीटरच्या नळीवर ती बसवणं म्हणजे बळंच. त्यापेक्षा रायजेल क्विकफाइंडर उभा असतो, जागा कमी खातो, वजनाला हलका, त्यात अर्धा आणि २ अंशांची दोन वर्तुळं मिळतात. छोट्या दुर्बिणीला वर्तुळवाला पाहिजेच असेल तर हा. दोन्ही बाहेरून मागवावे लागतात, त्यामुळं घाई असेल तर यांच्या मागं लागू नका.

६x३० भिंगाचा. छोट्या दुर्बिणीसाठी मला हा सगळ्यात समतोल वाटतो. सात-आठ अंश आकाश एका वेळी दिसतं, मधे फुली असते, वजन झेपतं. सरळ ६x३० मध्ये चित्र उलटं दिसतं, त्याची सवय व्हायला थोड्या रात्री जातात. काटकोनी घेताना "सुलट चित्र" असं स्पष्ट लिहिलंय ना ते बघा, कारण काही काटकोनी फाइंडर आरशासारखं डावं-उजवं बदललेलं चित्र देतात आणि मग नकाशाशी मेळच बसत नाही. ८x५० किंवा ९x५० जास्त तारे दाखवतात हे खरं, पण काटकोनी ५० चा फाइंडर अर्ध्या किलोच्या आसपास जातो. छोट्या ट्रायपॉडवर एवढं वजन बसवलं की नळी आपोआप खाली घसरते, आणि ज्या वस्तूनं शोधायला मदत करायची तीच नेम हलवते. ११४ किंवा १३० च्या खाली ५० चा फाइंडर नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेसाठी किंवा अजून पैसे घालायचे नसतील तर लाईट फिटिंगचा पाईप घ्या. आतून २० मिलिमीटर व्यासाचा आणि २० सेंटीमीटर लांबीचा तुकडा डोळ्याला लावला तर त्यातून पाच-सहा अंश आकाश दिसतं. पुढच्या टोकाला दोऱ्याची फुली, आतून काळा रंग, नळीवर दोन क्लिपनं घट्ट. रुंद बघणाऱ्या आखूड दुर्बिणीला एवढं खरंच पुरतं.

हिरव्या लेझरच्या भानगडीत पडू नका. गच्चीवर पोरं असतात, वरून विमानं जातात, डोळ्याला आणि वैमानिकाला दोघांनाही धोका. आणि मोबाईलमधलं ताऱ्यांचं अॅप कंपासवर चालतं, जवळ लोखंड आलं की कित्येक अंश भरकटतं, ते कोणता तारा कुठल्या बाजूला हे कळायला चांगलं, नेम धरायला नाही.

ऑर्डर करण्याआधी

दुर्बिणीवर फाइंडर कशात बसतो ते बघा. बऱ्याच कंपन्यांमध्ये एक खाच असलेला छोटा शू असतो, फाइंडरचा पाय त्यात सरकवून बाजूच्या स्क्रूनं आवळायचा. तसा शू असेल तर दुसऱ्या कंपनीचा फाइंडरही बहुतेक बसतो. पण ६०-७० च्या स्वस्त दुर्बिणींवर कधी कधी शू नसतोच, नळीतून वर आलेले दोन बोल्ट असतात. तेव्हा त्या दोन बोल्टमधलं अंतर पट्टीनं मोजा, फोटो काढा आणि विकणाऱ्याला पाठवूनच पैसे भरा. नुसत्या डबल टेपवर चिकटणारा पाय आपल्या उन्हाळ्यात ढिला पडतो, त्यामुळं स्क्रूचा असेल तर तोच घ्या.

भिंगाच्या फाइंडरला धरणारी कडी कशी आहे तेही बघा. दोन स्क्रू आणि समोर एक स्प्रिंग अशी रचना असेल तर जुळवणी एका हातानं होते. सहा स्क्रूंची दोन कड्यांची रचना घट्ट बसते पण वेळ खाते. दुकानात बघायला मिळाला तर फाइंडर हातात धरून कडी हलवून बघा, प्लास्टिकची कडी लवत असेल तर नको.

जुळवणी, हे घाईत करू नका

फाइंडर कितीही चांगला असला तरी जुळवलेला नसेल तर नसल्यासारखाच. पहिली जुळवणी दिवसा करा, संध्याकाळी चारनंतर, सूर्य पाठीमागं ठेवून. लांबची एखादी बारीक, न हलणारी वस्तू निवडा: मोबाईल टॉवरचं टोक, गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीचा कठडा, देवळाचा कळस. किमान अर्धा किलोमीटर लांब पाहिजे. गल्लीतल्या समोरच्या घराची टाकी चालत नाही, कारण फाइंडर आणि दुर्बिणीची नळी यांत दहा-पंधरा सेंटीमीटरचं अंतर असतं आणि जवळच्या वस्तूवर जुळवलं तर ताऱ्यांवर चुकतं.

आधी २५ चा आयपीस लावून टॉवरचं टोक दुर्बिणीत मधोमध आणा. फाइंडरकडं अजून बघायचंच नाही, नळीच्या कडेनं नजर लावून दुर्बीण वळवा, हळूहळू सापडतं. मग ट्रायपॉडचे स्क्रू आवळा. आवळताना नळी सरकते, म्हणून परत आयपीसमध्ये बघून टोक मधे आहे ना खात्री करा. आता नळीला हात न लावता फक्त फाइंडरचे स्क्रू फिरवून फुली किंवा लाल टिंब त्याच टोकावर आणा, एक स्क्रू ढिला केला की समोरचा तेवढाच आवळायचा. जमलं की १० चा आयपीस लावा, टोक परत मधे घ्या आणि फाइंडर पुन्हा बारीक दुरुस्त करा. दुसऱ्या फेरीतच खरा नेम बसतो, आणि बहुतेक लोक पहिल्या फेरीनंतर थांबतात.

भिंगाच्या फाइंडरमध्ये तारे फुगलेले दिसत असतील तर फोकस करा. काहींचा मागचा आयपीस फिरतो. ज्यांचा नाही त्यांच्या पुढच्या भिंगाच्या कडीमागं एक लॉकची रिंग असते, ती ढिली करून भिंगाची कडी थोडी आत-बाहेर फिरवायची आणि रिंग परत आवळायची. फोकस आधी, जुळवणी नंतर.

रात्री ध्रुवावर शेवटची तपासणी. बाकीचे तारे सरकतात, ७० पटीला एखादा तारा मधोमध आणला तर दीड मिनिटात तो कडेला जातो आणि तुम्ही स्क्रू फिरवत राहता. ध्रुव जागचा फारसा हलत नाही आणि आपल्याकडं तो क्षितिजापासून १८ ते २० अंशांवर, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठींवर, त्यामुळं मानही सरळ राहते. उत्तरेला झाडं किंवा धूळ असेल तर दुसरा कुठलाही ठळक तारा घ्या पण चपळाईनं करा. पेटीत घालून गाडीवरून शेतात नेलं की परत गेल्या गेल्या एकदा तपासायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

सूर्याबद्दल अगदी स्पष्ट सांगतो. पुढं सौर फिल्टर लावून सूर्य बघणार असाल तर फाइंडर काढून पिशवीत ठेवा किंवा त्याच्या दोन्ही टोकांना टोपणं घाला. दुर्बिणीवर फिल्टर आणि फाइंडर उघडा, आणि पोरानं कुतूहलानं त्यात डोळा घातला, तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

पहिल्यांदा काय शोधाल

नवीन फाइंडरवर हात बसवायला सप्तर्षीतले क्रतू आणि पुलह (चौकोनाचे शेपटीच्या विरुद्ध बाजूचे दोन तारे) घ्या. त्यांच्यात ५.४ अंशांचं अंतर आहे. ६x३० मध्ये दोघं एकत्र आरामात मावले पाहिजेत, ९x५० मध्ये अगदी कडेला येतील. यावरून तुमच्या फाइंडरचं क्षेत्र डोळ्यात बसतं आणि पुढं नकाशावर तेवढंच वर्तुळ काढून चालता येतं. मग मृगाच्या बाणाखाली उतरून तेजोमेघ एम ४२, मग पुष्याचा गुच्छ: पुनर्वसूचे जोडतारे आणि मघा यांच्या साधारण मधे टिंब नेलं आणि २५ च्या आयपीसमध्ये थोडं फिरवलं की तारे भरभरून येतात.

आणि उन्हाळ्यात एक गोष्ट आवर्जून करा, कारण ती उत्तरेकडच्या देशांतल्या लोकांना बघायला मिळत नाही आणि आपल्याला घरबसल्या मिळते. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं लांब, आपल्याकडं दक्षिणेला २२ ते २४ अंशांपर्यंत वर येतो. मे महिन्याच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा बरोबर दक्षिणेला असते तेव्हा चित्रेवर टिंब लावा आणि तिथून सरळ खाली, साडेतीन मुठींपेक्षा थोडं जास्त, उतरा. दुर्बीण फक्त खाली-वर हलवायची, डावी-उजवी नाही. गावाकडच्या काळ्या आकाशात तो उघड्या डोळ्यांनाही पुसट ताऱ्यासारखा दिसतो, ६x३० मध्ये तर तो तारा नसून कापसाचा गोळा आहे हे लगेच कळतं. दक्षिणेला शहराचा उजेड असेल तर मात्र रेड डॉटनं कठीण जातं, भिंगाचाच फाइंडर लागतो.

सांभाळायचं कसं

डिसेंबर-जानेवारीत पाणी दिलेल्या गव्हाच्या किंवा उसाच्या फडाशेजारी बसलात तर रात्री अकरापर्यंत रेड डॉटची काच दवानं आंधळी होते. काळ्या फोमशीटची वीतभर नळी करून पुढं लावा आणि बघत नसाल तेव्हा टोपण घाला. दव पुसू नका, गाडीत किंवा घरात नेऊन आपोआप वाळू द्या. खळ्याची धूळ बसली तर आधी रबरी पंप मारून उडवा, उपरण्यानं पुसलं की काचेवर कायमचे ओरखडे. मे महिन्यात बंद गाडीत दुर्बीण सोडू नका. आणि रेड डॉट बंद करायचा राहिला की बॅटरी संपते, म्हणून सीआर २०३२ चा एक जास्तीचा सेल आयपीसच्या डबीतच टाकून ठेवा, हा सेल तालुक्याच्या घड्याळवाल्याकडं मिळतो पण रात्री नऊला तो बंद असतो.